अकरा पाण्यांचे सर

मंगळवार, ९ जानेवारी २००१. दूध शीतकरण केंद्र, अवसरी रस्ता. सकाळी सव्वासहा.
हजर : सर. मी. दगडूभाऊ (केंद्रचालक). टँकरचे ड्रायव्हर (नाव विचारायचं राहिलं).
गैरहजर : प्राचार्य. परवानगी तोंडी : "काय करायचं ते करा, कॉलेजचं नाव नको."
सामान : लसीची जुनी पेटी १, ठेचलेला बर्फ दोन घमेली, जाडं मीठ, थर्मामीटर १, काचेच्या नळ्या ५, बुचं ५, लेबलं ५, चिमटा १, टिपकागद, भाकरी-चटणी चौघांपुरती.

ही नोंद माझ्या वहीतली आहे आणि ती बरोबर आहे. माझ्या नोंदी बरोबरच असतात. त्या दिवशी जे बिघडलं, ते नोंद बरोबर ठेवण्याच्या नादात बिघडलं. पण ते पुढे येईल. आधी सर.

मंचरजवळच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक होते. बाटल्या, काचसामान, डेड स्टॉकचं रजिस्टर आणि चाव्या माझ्याकडे. रसायनशास्त्र सरांकडे. अकरावी आणि बारावी, दोन्ही वर्गांना तेच शिकवायचे. सडपातळ होते, आवाज बारीक, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी घडी घातलेला टिपकागद. तो त्यांना सदासर्वकाळ लागायचा. चहाचा कप उचलण्याआधी कपाचं बूड टिपायचे. पावसातून आलेल्या माणसाशी बोलण्याआधी त्याच्या चष्म्याच्या काचा टिपायचे, विचारायचेसुद्धा नाहीत. "वरचं पाणी वेगळं, आतलं पाणी वेगळं," हे त्यांचं वाक्य. हजेरी घेताना म्हणायचे, स्टाफरूममध्ये म्हणायचे. आधीचे प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांना रडू आवरेना. सगळे खाली बघत बसले होते. सर उठले, व्यासपीठावर गेले, खिशातला टिपकागद प्राचार्यांना दिला आणि म्हणाले, "हे वरचं आहे साहेब, टिपून टाका. आतलं राहू द्या." प्राचार्य रडताना हसले, आणि भाषणाचा अर्धा तास वाचला.

आतलं पाणी म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. मोरचुदाचा खडा निळा दिसतो, हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या आत पाणी असतं. नुसतं शिरलेलं नव्हे, जागा ठरवून बसलेलं. मोरचुदात पाच, हिराकशीत सात, टाकणखारात दहा, धुण्याच्या सोड्यात दहा, तुरटीत बारा. खडा तापवला की पाणी निघून जातं, त्याच्याबरोबर आकार जातो, मोरचुदाचा तर रंगही जातो आणि पांढरी भुकटी उरते. सर वर्गात ती भुकटी दाखवायचे, तिच्यावर एक थेंब टाकायचे, ती पुन्हा निळी व्हायची. दर वर्षी मुलं टाळ्या वाजवायची आणि दर वर्षी सर म्हणायचे, "मला नका वाजवू, पाण्याला वाजवा."

हे ज्ञान गावात उपयोगी पडायचं. एकदा नारायणगावकडचे एक द्राक्षवाले तावातावाने कॉलेजात आले. हातात पिशवी, पिशवीत मोरचूद, पण निळा कमी आणि पांढुरका जास्त. बागेवर फवारायला दुकानातून आणलेला.

"सर, ह्यात खडू घातलाय का बघा. मंग त्या दुकानदाराला मी बघतो."

सरांनी चिमूटभर बशीत घेतला, थेंब टाकला. गडद निळा झाला. "खडू नाही. ह्याचं पाणी उडालंय. पत्र्याखाली ठेवला असेल."

"म्हंजी फसीवलंच की."

"उलट. पाणी गेलं, तांबं आहे तेवढंच आहे. किलोमागे तुम्हाला तांबं जास्त मिळालं. फवारताना मात्र कमी घ्या, नाहीतर पानं करपतील."

द्राक्षवाले पिशवीचं तोंड घट्ट बांधत म्हणाले, "मंग हे कुनाला बोलू नका, सर. त्याच्याकडं अजून दोन पोती हायत." आणि भांडायला निघालेला माणूस खरेदीला गेला.

हवामानही ते मिठावरच पाहायचे. सुट्टीत गावी, आण्याला जाताना बशीभर धुण्याचा सोडा घेऊन जायचे. आण्याच्या पठारावरच्या कोरड्या हवेत त्याचे काचेसारखे खडे दोन दिवसांत पिठासारखे व्हायचे. सहलीला भीमाशंकरला गेलो तेव्हा कॅल्शियम क्लोराइडची बाटली उघडून देवळाबाहेरच्या कठड्यावर ठेवली. दर्शन घेऊन येईतो त्याचं पाणी पाणी झालं होतं. ते हवेतलं पाणी पिऊन स्वतःच विरघळतं. तिथपासून स्टाफरूममध्ये माणसांचे दोन प्रकार पडले. चारचौघांत बसला की कोरडा पडणारा तो आण्याचा सोडा, आणि कशानेही विरघळणारा तो भीमाशंकरचा क्लोराइड. नवे प्राचार्य सोड्यात होते. मी कशात, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही बाटली, बाई. बूच लावलेली, लेबलासकट." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

आता तक्त्याबद्दल सांगते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर सरांनी मंचरच्या पेंटरकडून एक तक्ता रंगवून घेतला होता : 'मीठ आणि त्यातलं पाणी'. डावीकडे नावं, उजवीकडे चौकटीत आकडे. शेवटच्या दोन ओळी मॅग्नेशियम सल्फेटच्या. टोमॅटोची पानं पिवळी पडली की शेतकरी टाकतात तेच. पहिली ओळ 'साधं' : ७. दुसरी ओळ 'थंडीतलं' : चौकट रिकामी.

पेंटरने शिडीवरून विचारलं होतं म्हणे, "सर, हितं कितीचा आकडा?"

"नंतर."

मी नोकरीला लागले तेव्हा त्या 'नंतर'ला बरीच वर्षं झाली होती. रिकामी चौकट मला सोसत नाही. पहिल्या महिन्यातच मी पुस्तक काढून पाहिलं. पुस्तकात बारा होते. खडू घेऊन स्टुलावर चढले, तर मागून आवाज आला, "बाई, उतरा."

मग त्यांनी सांगितलं. हे मीठ कडक थंडीत, बर्फाच्या आसपास स्फटिक धरतं तेव्हा जास्त पाणी घेऊन बसतं. दोन अंशांच्या वर गेलं की ते पाणी सोडतं आणि साधं, सात पाण्याचं होऊन जातं. तरुणपणी पुण्यात संशोधन करताना सरांनी ते बनवलं, पुसलं, तोललं, तापवलं, पुन्हा तोललं. अकरा आले. पुन्हा केलं, अकरा. सात वेळा केलं, सातही वेळा अकरा. मार्गदर्शक म्हणाले, शंभर-दीडशे वर्षं पुस्तकात बारा आहेत. तुझा हात कच्चा आहे. बारा लिही आणि पुढे चल.

"मी म्हटलं, पुढे जातो, बारा लिहीत नाही. ते म्हणाले, मग पुढे नाही." सरांनी खिशातला टिपकागद काढून उगाच त्याची पुन्हा घडी घातली. "बाई, पुस्तकातल्या माणसानं खडा नीट टिपला नव्हता. वरचं पाणी आतल्यात मोजलं."

असं ते संशोधन सुटलं आणि सर आमच्याकडे आले. आल्यावर गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ते दर वर्षी बारावीच्या वर्गात सांगायचे की पुस्तकातला एक आकडा चूक आहे. परीक्षेत मात्र बारा लिहा, मनात अकरा ठेवा. गावाने त्यांना 'एक कमी सर' करून टाकलं. स्टँडवरची केळीवाली त्यांना डझनात अकराच केळी द्यायची. "तुमचं डझन, सर." ते निमूट घ्यायचे आणि म्हणायचे, "बारावं ओलंच निघालं असतं." एका तपासणीला आलेल्या साहेबांनी रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथे बारा हवं."

"पुरावा, साहेब?"

"पुस्तक."

"पुस्तकानं टिपकागद वापरला होता का?"

शेऱ्यात आलं : 'तक्ता अपूर्ण. प्रयोगशाळा स्वच्छ.' दुसऱ्या वाक्याचं श्रेय माझं.

ह्या अकरांची मांडणी ते मैदानावर करून दाखवायचे. एक मुलगा मधे उभा : नवरदेव, म्हणजे मॅग्नेशियम. त्याच्याभोवती सहा जण त्याला हात लावून : सख्खे. मग पाच जण असे उभे करायचे की त्यांचा हात नवरदेवाला पोचणार नाही. त्यांनी सख्ख्यांचे हात धरायचे. "हे पाहुण्यांतले. नवरदेवाशी ह्यांची ओळख सख्ख्यांच्या मार्फत. पण हे सोडून गेले तर मांडव खाली येतो." एका वर्षी नवरदेव सोडून बारावा मुलगा कोपऱ्यात उभा दिसला.

"तू कोण रे?"

"सर, मी बघाया आलो. गणिताचा तास हाय."

सरांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "हेच ते. पाऊस लागला म्हणून मांडवात शिरलेला. ह्याला धरून पुस्तकानं बारा मोजले."

मोजून हे सुटणार नव्हतं, हे सरांनाही माहीत होतं. तोलण्यावर कुणीही म्हणणार, तुमचा तराजू. आतली पंगतच दिसायला हवी होती. ते क्ष-किरणांनी दिसतं. राईएवढा का होईना, एकसंध, भेगा नसलेला स्फटिक यंत्रावर ठेवायचा, त्यातून किरण सोडायचे, पलीकडे उमटणाऱ्या ठिपक्यांवरून आत कोण कुठे बसलंय ते निघतं. पण यंत्र पुण्यात, आणि हे मीठ दोन अंशांवर टिकत नाही. बरीच वर्षं सर पत्रं लिहीत राहिले. २००० सालच्या दिवाळीनंतर एका प्रयोगशाळेतून उत्तर आलं. यंत्राला लागणारी गारठवण्याची जोडणी त्यांच्याकडे जानेवारीत एका आठवड्यापुरती दुसरीकडून येणार होती. त्यातला मंगळवार सरांचा. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "यादी करा."

म्हणून दगडूभाऊ. त्यांच्या केंद्रात दूध गार करायला बर्फाच्या पाण्याची मोठी टाकी होती. डिसेंबरपासून ह्या मिठाच्या द्रावणाने भरलेल्या सरांच्या बाटल्या त्या टाकीत दोरीला लटकत होत्या. दगडूभाऊ त्यांची राखण करायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "लोकं दूध आटवून खवा काढत्यात. आमचं सर पानी गोठवून मीठ काढत्यात." मग कुणीतरी उठवलं की केंद्रात दुधात खत मिसळतात. दगडूभाऊंनी तीन दिवस दारात उभं राहून प्रत्येकाला बाटल्यांची बुचं दाखवली. सरांना त्यातलं काही कळू दिलं नाही.

मंगळवारची सकाळ. थंडी अशी की दुधाच्या कॅनना हात लाववत नव्हता. सरांनी तोंडाला रुमाल बांधला होता. चिमटा बर्फात बुडवून गार केलेला. नियम तीन : खड्याला हात लावायचा नाही, श्वास लागू द्यायचा नाही, बोलायचं तर भिंतीकडे तोंड करून. दगडूभाऊ भिंतीला म्हणाले, "सर, मी शिंकू का?"

"बाहेर जाऊन."

सर टाकीवर वाकून बॅटरीच्या उजेडात एकेक खडा निवडत होते, गार नळीत सोडत होते, बूच लावत होते आणि न बघता हात मागे करून नळी मला देत होते. मी ती पेटीतल्या बर्फात ठेवायची. एवढंच काम.

पण नाव नसलेली वस्तू माझ्या ताब्यात येत नाही. आणि ओल्या काचेवर लेबल चिकटत नाही. मी नळी पदराने कोरडी केली, लेबल लावलं, डाव्या मुठीत धरली आणि लिहिलं : क्रमांक, पदार्थ, दिनांक, ठिकाण, 'पाणी : ?'. शाई वाळेपर्यंत तशीच धरली. मग पेटीत. अशा पाच नळ्या. अक्षर इतकं सुबक आलं होतं की मला मनातून बरं वाटलं.

सरांनी मागे हात केला. सहावी नळी होती, त्यांच्या खिशातली, बर्फात गार केलेली. "बाई, हा घ्या. सगळ्यात देखणा हाच आहे."

"सर, लेबलं पाचच आहेत. यादीत पाच आहेत."

"बरं. राहू द्या." आणि ती नळी त्यांनी दोरीला बांधून टाकीत परत सोडली.

टँकरमध्ये पेटी दगडूभाऊंच्या मांडीवर होती. झाकणाच्या भोकातून थर्मामीटर वर आलेला. सर प्रत्येक गावाला तो वाचायचे, मी लिहायची. पेठ, उणे एक. खेडचा घाट, उणे एक. घाटात उसाची ट्रॉली आडवी झाली होती. तिथे अर्धा तास गेला, आम्ही बर्फ आणि मीठ वाढवलं. उणे दोन. ड्रायव्हरांना सगळं समजावून झालं होतं. ते म्हणाले, "म्हंजी बारा गावचं पानी प्यालेलं मीठ म्हना की, सर."

"अकरा," सर म्हणाले. "एक गाव चुकवलंय त्यानं."

"मंग आज बारावं पुणं."

सर हसले. त्या दिवशीचं त्यांचं ते शेवटचं हसू, असं मी वहीत लिहिलं नाही, पण लक्षात राहिलं. चाकण, उणे एक. भोसरी, शून्य. सगळ्या नोंदी चोख.

प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधक बाई दारातच उभ्या होत्या. पेटी पाहून त्यांना हसू आलं, पण थर्मामीटर पाहून म्हणाल्या, "सर, तुम्ही तर आमच्यापेक्षा चांगलं सांभाळलंय." थंड खोलीत त्यांनी पहिली नळी उघडली, गार काचेवर खडा घेतला, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पाहतच राहिल्या. दुसरी. तिसरी. आम्ही तिघं एका भिंतीला टेकून उभे होतो. दगडूभाऊ सवयीने भिंतीकडे तोंड करून.

"सर, एकसंध नाहीयेत. फुटून भुगा झालाय, आणि सगळं ओलं आहे." पाचही नळ्या तशाच. सरांचा चेहरा बघून त्यांनी भुग्यातला त्यातल्या त्यात धड एक कण घेऊन यंत्रावर ठेवला. दुपारपर्यंत उत्तर आलं. "सात. साधं मॅग्नेशियम सल्फेट आहे, सर. वाटेत कुठेतरी गरम झालं असणार."

सरांनी माझी वही मागितली. पेठपासूनच्या नोंदी वाचल्या. शून्याच्या वर एकही नव्हती. मग त्यांनी पाच नळ्या ओळीने ठेवल्या आणि पाचही लेबलं वाचली, शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत. वही मला परत दिली.

"अक्षर छान आहे, बाई," ते म्हणाले.

त्या संशोधक बाईंना वाईट वाटलं. पण बुधवार दुसऱ्या कुणाचा होता, आणि शनिवारी जोडणी परत जाणार होती. भाकरी आम्ही परतीच्या वाटेवर खाल्ली. केंद्रात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दगडूभाऊंनी टाकीतली दोरी वर ओढली. सहावी नळी. आतला खडा खडीसाखरेसारखा स्वच्छ, कडा धारदार, भुग्याचा कण नाही. सरांनी तो दुसऱ्या दिवशी टिपला, तोलला, तापवला, तोलला. "अकरा," ते म्हणाले. भिंतीला म्हणाले.

मी व्यवस्थित माणूस आहे, त्यामुळे मला कळायला वेळ लागला नाही. सहा नळ्या एकाच टाकीतल्या, एकाच चिमट्याने भरलेल्या. पाचांतले खडे फुटले, सहावीतला राहिला. पेटी तर वाटेत एकदाही शून्याच्या वर गेली नव्हती. पाचांत आणि सहावीत फरक एकच : लेबल. घरी जाऊन मी तशीच नळी घेतली, बर्फाचं पाणी भरलं, थर्मामीटर घातला, डाव्या मुठीत धरली आणि लेबल लिहिलं. क्रमांक, पदार्थ, दिनांक. 'ठिकाण' लिहीपर्यंत पारा दोनच्या पुढे गेला होता. तेही वहीत आहे.

गुरुवारी सकाळी सरांना सांगायचं ठरवून मी लवकर कॉलेजात गेले. सर प्रयोगशाळेत खुर्चीवर चढून एक पाटी ठोकत होते. दगडूभाऊ दुधाचे रिकामे कॅन सायकलला लावून आले होते आणि खालून खुर्ची धरून उभे होते. पाटीवर सरांच्या हातचं होतं : 'आधी लेबल, मग माल.'

"हे काय नवीन, सर?" दगडूभाऊ म्हणाले.

"नियम."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी. मी विसरतो."

सर काही विसरत नसत. सात वेळा तोललेलं एकही वजन ते विसरले नव्हते. मी तिथेच उभी राहिले, हातात चाव्या. मला वाटलं, आता बोललं तर पाटी खोटी पडेल. म्हणून 'चहा सांगू का' असं विचारलं. त्या दिवशीच्या यादीत शेवटचं काम होतं : 'सरांना सांगणे'. संध्याकाळी मी ते दुसऱ्या दिवशीच्या यादीत घेतलं.

त्यानंतर माझ्या बऱ्याच वह्या भरल्या. गॅस, वीजबिल, मुलीची परीक्षा, काचसामानाची मोडतोड, सगळ्यांवर खुणा झाल्या. ते एक काम दर यादीत खाली उतरत राहिलं. सर निवृत्त होऊन आण्याला गेले. तक्त्याची चौकट रिकामीच राहिली. नव्या शिक्षकांनी विचारलं की मी म्हणायची, "नंतर."

आणि मग काही वर्षांनी, आमचीच एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून आली. एमेस्सी करत होती. हातात छापलेले कागद. बाहेरच्या देशात कुणीतरी त्याच मिठाच्या स्फटिकाच्या आतलं पाहिलं होतं. बारा नव्हते. अकरा होते. सहा मॅग्नेशियमला लागून, पाच मधल्या जागांत. मुलगी म्हणाली, "बाई, मी मैदानावर पाचांतली होते. वाचताना हात वर गेला माझा."

रविवारी दहाच्या एसटीने मी आण्याला गेले. यादीत दोनच कामं होती : कागद देणे, सांगणे. सर ओट्यावर बसले होते, शेजारी बशीत धुण्याचा सोडा, पिठासारखा झालेला. चष्मा टिपून घेतला आणि कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले. आकृतीवर बोट फिरवून मोजलं. पुन्हा मोजलं.

"सहा सख्खे, पाच पाहुणे," ते म्हणाले.

"हो, सर."

"मांडव तोच. आपणच वऱ्हाडात नव्हतो, इतकंच." आणि थोड्या वेळाने, "बरं झालं. मला वाटायचं, हे कुणी बघतच नाहीये."

घरातून चहा आला. मी कप उचलला, तर त्यांनी आधी बशीतला थेंब टिपला. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी नळ्या..."

"तो आकडा भरून टाका, बाई," ते म्हणाले. "पेंटरला नका बोलावू. तुम्हीच भरा. अक्षर तुमचं चांगलं आहे."

मी चहा पिऊन टाकला. मग त्यांनी केळीवालीची चौकशी केली, दगडूभाऊंच्या गुडघ्यांची केली. चारची एसटी आली आणि मी निघाले.

पांढऱ्या रंगाची डबी आणली आहे. बारीक ब्रश धुऊन कपाटात ठेवला आहे. चौकट पुसून घेतली आहे. दोन आकडे काढायला मिनिटही लागणार नाही, पण हे लेबल मला आधी लिहायचं नाही. सरांना सगळं माहीत आहे, हे मला त्या पाटीच्या दिवसापासून माहीत आहे. पण त्यांना माहीत असणं आणि मी सांगणं ही दोन कामं आहेत, आणि खूण फक्त पहिल्यावर झाली आहे.

उद्याची यादी :
१. प्रयोगशाळेच्या खिडकीची काच, माप घेणे.
२. बारावीची प्रात्यक्षिकं, मोरचूद संपत आला, मागवणे.
३. दगडूभाऊंच्या नातीचे दाखले, झेरॉक्स.
४. तक्ता, शेवटची चौकट. (क्र. ५ नंतर.)
५. आणे, दहाची एसटी. सरांना सांगणे. (मागील पानावरून पुढे.)